कवळीकाकांची कैफियत

दात पडलेला मनुष्य प्रथम हसणे सोडतो, मग बोलणे कमी करतो आणि अखेरीस चारचौघांत जेवायला बसणे टाळू लागतो. हा क्रम कवळीकाकांनी आयुष्यभर पाहिला होता, आणि तो उलट फिरवणे हेच त्यांनी आपले जीवितकार्य मानले होते. त्यांचे खरे नाव दाराबाहेरच्या पाटीवर होते. पण ती अक्षरे उन्हाने केव्हाच पुसली गेली आणि कवळ्या करणारे काका म्हणून कवळीकाका, एवढीच ओळख उरली. तरुणपणी एका दंतवैद्याच्या हाताखाली ते हे काम शिकले. पुढे स्वतंत्र झाल्यावर त्यांनी दुकान आणि संसार एकाच भाड्याच्या खोलीत थाटला. खोलीच्या मध्यावर जाड पडदा होता; अलीकडे कामाचे टेबल, पलीकडे बिऱ्हाड. गावातले दंतवैद्य हिरड्यांचे ठसे त्यांच्याकडे पाठवीत, आणि त्या ठशांमागोमाग, तोंडावर रुमाल धरून, ज्यांच्या त्या हिरड्या ती माणसेही येत.

त्या खोलीचे दोन गुण होते, आणि ते एका ठिकाणी सापडणे दुर्लभ. पहिला गुण उत्तरेची खिडकी. दात पांढरे असतात ही समजूत काकांच्या मते केवळ जाहिरातींपुरती खरी. प्रत्यक्षात कुणाचे दात हस्तिदंती, कुणाचे किंचित राखाडी, तर कुणाचे चहाच्या जुन्या बशीसारखे. चेहऱ्याला शोभेल अशी छटा निवडायची, तर दिवसभर न बदलणारा शांत उजेड हवा, आणि तो त्या खिडकीतून निर्व्याजपणे येत असे. दुसरा गुण मागचे दार. ते एका अरुंद बोळात उघडत असे. निवृत्त मुख्याध्यापिका असो वा बाजारातला बडा दलाल, दात काढलेल्या तोंडाने हमरस्त्यावरून येण्याची त्यांना लाज वाटे. ती सगळी मंडळी बोळातून येत आणि, कवळी बसली की, पुढच्या दाराने ताठ मानेने बाहेर पडत. मागच्या दाराने आलेला माणूस पुढच्या दाराने गेला की काकांना आपले काम पुरे झाल्यासारखे वाटे.

पैशाच्या बाबतीत त्यांची एक रीत होती. काम सुरू करण्यापूर्वी ते पैसे घेत नसत. कवळी एकदम होत नाही. आधी मेणात दात रोवून पाहावे लागते, गिऱ्हाइकाने ते तोंडात धरून बघायचे, मग उतरवायचे, खरवडायचे, पुन्हा बघायचे. अशा दोन-चार चाचण्यांनंतर खरी कवळी घडे. ती बसवून झाली की काका सफरचंदाची एक फोड हातावर ठेवीत. फोड चावून झाली की म्हणत, "आता घरी जा. आठवडाभर जेवा, भांडा, शिंका. मग या." पैशाचा विषय त्यानंतर. कुणी आगाऊ रक्कम पुढे केली तर ते हात मागे घेत. "घेतलेल्या पैशाचं काम आळसावतं," असे त्यांचे मत होते.

पडद्यापलीकडून काकू म्हणत, "आणि न घेतलेल्या पैशाचं काम पळून जातं. निम्म्या गावाचे दात अजून आपल्याच पैशानं चावताहेत."

"येतील गं, देतील."

"येतात ना. कवळी टोचते म्हणून सांगायला येतात."

असे दिवस चालले असताना घराची मालकीण वारली. भाड्याची पावती ती न चुकता देई, आणि काकांनीच केलेल्या कवळीने अखेरपर्यंत खुशाल जेवत असे. घर तिच्या पुतण्याकडे आले. पुतण्या मनाने दुष्ट नव्हता. त्याला तळमजला पाडून मोठे दुकान काढायचे होते, आणि त्या दुकानात उत्तरेच्या खिडकीला स्थान नव्हते. त्याने खोलीचा ताबा मागणारा दावा न्यायालयात लावला.

न्यायालयाच्या समोरच्या इमारतीत, दगडी जिना चढून गेल्यावर, एका वकिलांचे कार्यालय होते. त्यांचे वडीलही वकील होते आणि त्यांचाच दरारा त्या खोलीत अद्याप वावरत असे. त्यांची उंच पाठीची खुर्ची, त्यांची कातडी बांधणीची पुस्तके, आणि त्यांचाच एक दंडक: पैशाचा शब्द वकिलाने स्वतःच्या मुखातून काढायचा नाही. त्यासाठी बाहेरच्या खोलीत कारकून बसे. पक्षकाराने आत दुःख सांगावे आणि बाहेर पैसे द्यावेत, अशी त्या घराण्याची व्यवस्था होती.

काकांनी पुढे केलेल्या भाड्याच्या पावत्या वकीलसाहेबांनी पाहिल्या, दोन प्रश्न विचारले आणि समाधानाने मान हलवली. "काका, बाजू भक्कम आहे. इतक्या वर्षांच्या भाडेकरूला असं उठवता येत नाही. आपण कैफियत देऊ."

"कैफियत म्हणजे?"

"त्यांनी दाव्यात जे लिहिलंय त्याला आपलं लेखी उत्तर. ते मुदतीत गेलं पाहिजे, एवढंच."

काकांनी वकीलपत्रावर सही केली. पैशाचे काहीच बोलणे झाले नाही, याचा त्यांना मनोमन आनंद झाला. हाही आपल्याच जातकुळीचा कारागीर दिसतो, असे त्यांना वाटले. बाहेर कारकून उठून उभा राहिला आणि कान खाजवीत म्हणाला, "काका, साहेबांचं तेवढं बघायचं."

"बघणार ना. काम होऊ द्या, साहेबांना काही कमी पडू देणार नाही."

कारकुनाने हे वाक्य उभ्या आयुष्यात पुष्कळांच्या तोंडून ऐकले होते, आणि त्या पुष्कळांपैकी कुणी परत आल्याचे त्याला स्मरत नव्हते. त्याने आत जाऊन ते जसेच्या तसे सांगितले. वकीलसाहेबांनी फक्त काकांची फाईल टेबलावरून उचलून मागच्या कपाटात ठेवली.

येथून पुढे जे घडले ते दोन मौनांचे युद्ध होते, आणि त्यातल्या एका बाजूला आपण युद्धात आहोत याचा पत्ताच नव्हता. तारखेच्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून न्यायालयाच्या बाकावर बसत. कारकून आत जाई, बाहेर येई आणि म्हणे, "मुदत घेतली. पुढची तारीख मिळाली." काका प्रसन्न होत. मेणाची चाचणी एका बैठकीत कधी होते का? उतरवायचे, खरवडायचे, पुन्हा बघायचे. जो एका फेरीत काम संपवतो त्याचे दात पहिल्या घासाला निखळतात. वकील वेळ घेतो आहे म्हणजे नीट बसवतो आहे, असा त्यांचा ग्रह झाला, आणि प्रत्येक तारखेनंतर तो अधिकच दृढ होत गेला.

कारकुनाला त्यांची दया येऊ लागली. एकदा त्याने बाकावर शेजारी बसून म्हटले, "काका, फाईल हलायला पाहिजे हो. अशी पडून राहणं बरं नाही."

"घाई नको करायला सांगू साहेबांना. त्यांना म्हणावं, सावकाश होऊ द्या."

कारकुनाने कपाळाला हात लावला आणि तो पाणी प्यायला उठून गेला.

घरी काकूंचा प्रश्न ठरलेला असे. "अहो, वकिलाला काही दिलंत का?"

"अजून काम कुठं झालंय?"

"तो तुमच्यासारखा कवळ्या करतो का? वकील आहे तो."

"मोठ्या घरचा माणूस आहे. आधी पैसे पुढे केले तर अपमान वाटेल त्याला."

"तुम्हाला वाटतो म्हणून सगळ्यांना वाटतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" काकू म्हणत, पण वकिलांच्या कार्यालयाचा जिना त्या कधी चढल्या नव्हत्या, त्यामुळे पुढे बोलणे त्यांना जमत नसे.

मग एका सकाळी पुतण्या एका गवंड्याला घेऊन पुढच्या दाराने आत आला. त्याच्या हाती मोजमापाची पोलादी फीत होती. "काका, दोन मिनिटं. तेवढी भिंत मोजून घेतो." काका खुर्चीवरून उठले. माणूस काही मोजत असला की त्याला मदत करायची, हा त्यांच्या बोटांना जडलेला स्वभाव होता. गवंडी फितीचे टोक धरायला कोपरा शोधत होता. काकांनी ते आपल्या हाती घेतले आणि खिडकीच्या चौकटीला नीट टेकवून धरले.

"इथून धरू की कडेपासून?"

"कडेपासून. ही खिडकी जाणारच आहे," गवंडी म्हणाला.

टोक तसेच धरून काकांनी विचारले, "जाणार म्हणजे? दावा चालू आहे ना?"

पुतण्या संकोचला. त्याने गवंड्याला बाहेर थांबायला सांगितले. "काका, तुम्हाला वकिलांनी सांगितलं नाही? तुमच्याकडून काही म्हणणंच आलं नाही. सगळ्या मुदती संपल्या. तुमचं ऐकल्याशिवाय दावा चालवायचा हुकूम झालाय मागच्या तारखेला. आता माझा जबाब झाला की निकाल. मला वाटलं, तुम्ही सोडायचं ठरवलंय."

तो निघून गेल्यावर काकू पडद्याबाहेर आल्या. त्यांनी सर्व ऐकले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "टोकसुद्धा धरून दिलंत."

काका तसेच वकिलांच्या कार्यालयाकडे निघाले. कारकुनाने त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आतले दार उघडले.

"वकीलसाहेब, कैफियत दिली नाही का आपण?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "काका, प्रत्येक कामाची एक पद्धत असते. तुम्ही इतक्या दिवसांत एकदाही बाहेर काही…" त्यांनी वाक्य तिथेच सोडले. दंडक असा होता की पुढचा शब्द त्यांना उच्चारता येईना.

"पैसे?" काका थक्क होऊन म्हणाले. "पैशासाठी थांबला होतात? मग मागायचे होते."

"मागायची असते का फी? ती समजून द्यायची असते."

"मला नाही समजलं. मी काम झाल्यावर घेतो, मला वाटलं तुम्हीही तसंच. पण साहेब, कैफियत लिहिलीच नाही का मग?"

वकीलसाहेब उठले. मागचे कपाट उघडून त्यांनी काकांची फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. आत स्वच्छ टंकलेले कागद होते; शेवटच्या पानावर प्रतिवादीच्या सहीची जागा रिकामी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते तयार करून ठेवले होते. काकांनी कागद ओळखले नाहीत, पण त्यांचा अर्थ ओळखला.

"म्हणजे दात तयार होते," ते हळूच म्हणाले. "माणूस दारात उपाशी बसला होता, आणि दात कपाटात होते."

आणि ते बाहेर पडले. क्रोध त्यांना नीटसा येत नसे. जिन्याच्या मध्यावर ते थोडा वेळ बसले. एखाद्याचा ठसा घेतला आणि ते काम आपल्याला करायचे नसले, तर काका त्याच दिवशी ठसा परत करीत, म्हणजे तो बिचारा दुसरीकडे तरी जाऊ शकेल. वकिलाने तेवढे जरी केले असते! आणि त्याच वेळी दुसरा एक विचार त्यांच्या मनात आला, तो अधिक बोचरा होता. आपण पैसे आधी घेत नाही यात कारागिरीची निष्ठा किती आणि 'काका किती मोठ्या मनाचे' हे ऐकण्याची हौस किती, हे त्यांनी कधी तपासले नव्हते. त्या हौसेची किंमत पडद्यापलीकडचा माणूस भरत आला होता.

दुसऱ्या दिवशी काकांना बरोबर घेऊन काकू प्रथमच तो जिना चढल्या. पदराआडून त्यांनी एक पाकीट काढले. कारकुनाने सवयीने हात पुढे केला, पण त्या त्याला वळसा घालून सरळ आत गेल्या आणि पाकीट त्यांनी वकीलसाहेबांच्या समोर ठेवले.

"तोंडानं मागायचं नसेल तर मागू नका. पण हातानं तर घ्या. आणि आमची खोली वाचवा."

वकीलसाहेब त्या पाकिटाकडे पाहत राहिले. ते सज्जन होते. सज्जन माणसाला आपली क्षुद्रता अशी समोर मांडलेली पाहणे फार कठीण जाते. "बसा," ते म्हणाले. "वडिलांनी या खुर्चीत बसून कधी पैसे मागितले नाहीत. त्यांना मागावे लागत नसत. मला लागतात, पण मागता येत नाहीत. मग राग येतो. आणि तो राग पक्षकाराच्या फाईलवर निघतो. तुमचीच पहिली नाही."

"आमच्या घरातही असेच एक आहेत," काकू म्हणाल्या. "फक्त त्यांचा राग कुणावर निघत नाही. आमची उधारी वाढते."

काकांनी खिडकीबाहेर पाहिले.

वकीलसाहेब तत्काळ कामाला लागले. झालेला हुकूम मागे घ्यावा आणि कैफियत दाखल करून घ्यावी, अशा अर्जाचा मसुदा त्यांनी लिहिला. विलंबाचे कारण म्हणून त्यांनी लिहिले की प्रतिवादी दीर्घकाळ अंथरुणाला खिळून होता. अर्ज सहीसाठी काकांपुढे आला. काकांनी तो ओठ हलवीत वाचला आणि लेखणी खाली ठेवली.

"मी कुठं आजारी होतो?"

"तसं लिहायचं असतं, काका. सगळेच लिहितात. न्यायालयालाही माहीत असतं."

"माहीत असेल. पण माझं काय होईल? अंथरुणाला खिळलेल्याच्या हातचे दात कोण तोंडात घालेल? आणि साहेब, याच महिन्यांत मी पुतण्याच्या सासूबाईंची कवळी केली. चार वेळा आल्या त्या बोळातून. त्या साक्षीला उभ्या राहिल्या तर माझ्याच दातांनी मला खातील."

काकूंना हसू आवरेना. कारकून दाराआडून हसला. वकीलसाहेबांनाही हसू आले. पण ते लवकरच मावळले, कारण खोटे कारण गेल्यावर एकच कारण उरत होते, आणि ते त्यांच्याच नावाचे होते.

"खरं कारण लिहिलं तर न्यायाधीशबाई मला काय म्हणतील, कल्पना आहे?"

"नाही," काका म्हणाले. "पण खोटं लिहिलं तर मला काय म्हणतील, त्याची आहे." मग थोडे थांबून त्यांनी आर्जवाने म्हटले, "साहेब, सत्तरी ओलांडली मी. ही खिडकी गेली तर दुसरी शोधणार नाही. काम बंद होईल माझं."

मग वकीलसाहेबांनी जुना कागद बाजूला सारला, नवा ओढला, आणि टंकलेखनाला न देता स्वतःच्या अक्षरात लिहू लागले.

तारखेच्या दिवशी काका आणि काकू शेजारी शेजारी बाकावर बसले होते. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, उलटून पुन्हा वाचला. पुतण्याच्या वकिलांनी हरकत घेतली: मुदती संपल्या, हुकूम झाला, आता हे काय. बाईंनी त्यांना हाताने थांबवले.

"वकीलसाहेब, हे तुम्ही स्वतः लिहिलंय? कैफियत तयार असून तुम्ही दिली नाही?"

"होय."

"फी मिळाली नाही म्हणून?"

"मागितली नाही म्हणून, आणि न मागता रागावलो म्हणून," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता, पण स्पष्ट होता.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "वकीलपत्र घेतलं की फी मिळो न मिळो, उभं राहायचं. नाही जमत तर पक्षकाराला सांगून, रीतसर बाजूला व्हायचं. दोन्ही न करता कागद कपाटात ठेवणं, याला काय म्हणायचं ते मी आज हुकुमात लिहीत नाही." त्यांनी लेखणी उचलली. "विलंब माफ. कैफियत दाखल करून घ्यावी. दुसऱ्या बाजूचा खर्च प्रतिवादीनं द्यायचा नाही, तो तुम्ही द्यायचा."

वकीलसाहेबांनी मान लववली. बाहेर आल्यावर त्यांनी पैसे भरले आणि मग, सर्वांच्या देखत, काकूंना त्यांच्या पाकिटाची पावती स्वतःच्या हाताने लिहून दिली. त्या घराण्यात असे बहुधा प्रथमच घडत असावे. कारकून ते डोळे विस्फारून पाहत होता.

दावा पुढे वर्षभर चालला. वकीलसाहेब प्रत्येक तारखेला स्वतः उभे राहिले, आणि प्रत्येक तारखेपूर्वी, किंचित लाल होऊन, त्या दिवसाचे पैसे स्वतः मागत राहिले. पावत्यांनी त्यांचे काम केले. दावा फेटाळला गेला. पुतण्याने तळमजल्याऐवजी माडीवर दुकान काढले, आणि त्याच्या सासूबाई त्या दुकानात जाताना मुद्दाम काकांच्या पुढच्या दारावरून, हसत, जाऊ लागल्या.

निकालानंतर काही दिवसांनी मागचे दार हळूच उघडले. एक गृहस्थ रुमालाने तोंड झाकून आत आले. काकांनी त्यांना उत्तरेच्या उजेडात बसवले, ठसा पाहिला, दातांच्या छटा गालाजवळ धरून पाहिल्या. गृहस्थांनी अस्पष्ट उच्चारांत विचारले, "पैशांशं कशं?"

काकांच्या ओठांवर नेहमीचे उत्तर आले. पडद्यापलीकडे बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या.

"ते… अर्धे आधी," काका म्हणाले. त्यांचे कान तांबडे झाले होते. त्यांनी घाईने एक दात उचलला, खिडकीकडे तोंड केले आणि त्या शांत उजेडात तो गरजेपेक्षा बराच वेळ न्याहाळत राहिले.